दुःख आणि तक्रार : प्रेमाची कादंबरी वाचताना

मागचं व्याख्यान कान्टवर झालं. ते संपल्यावर एक मुलगी मला जिन्यात भेटली. म्हणाली, "सर, कान्ट थोडा समजला, थोडा नाही समजला, ते जाऊ द्या. मले एक सांगा. मी एक प्रेमाची कादंबरी दोन रात्री जागून वाचली आणि शेवटचं पान झाल्यावर ती भिंतीवर फेकावीशी वाटली. असं काऊन होते?" मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. घरी गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न कान्टपेक्षा सोपा नाही. म्हणून आजचा विषय हा.

काही जणांना वाटेल, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं हा विषय कशाला घ्यावा. पण मी प्रेमावर बोलणार नाही, वाचण्यावर बोलणार आहे. प्रेमाच्या कादंबऱ्यांना आपण विद्यापीठातले लोक नाकं मुरडत आलो. 'बायकांचं वाचन', 'दुपारचं वाचन', 'रेल्वेतलं वाचन' असं म्हणून बाजूला सारलं. आणि ज्या घरात आपण हे बोलत होतो, त्याच घरातली माणसं ती पुस्तकं वाचून पुस्तकाचा न्याय करत होती. आपल्यापेक्षा बारकाईनं करत होती.

हे मला कळलं ते वाचनालयाच्या पुस्तकांमुळे. जुन्या वाचनालयातलं पुस्तक तुम्ही हातात घेतलं असेल तर तुम्हाला माहीत आहे. जाड बांधणी, मागे तारखांचे शिक्के, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेले शेरे. 'छान आहे.' 'वाचू नये.' 'रडवलं.' ग्रंथपाल ओरडायचे, दंडाची पाटी लावायचे, लोक लिहायचेच. मी पूर्वी याला विद्रूपीकरण म्हणायचो. पुढे पुढे मी हे शेरे आधी वाचायला लागलो.

आणि मला त्यात दोन प्रकार दिसले. एक शेरा असा असतो: 'बिचारी.' किंवा 'असं व्हाले नव्हतं पाहिजे.' दुसरा असा: 'लेखकाला घाई झाली होती काय?' किंवा नुसतंच 'फसवलं.' दोन्ही वाचक नाराजच आहेत, पण पहिला पात्राशी बोलतो आणि दुसरा लेखकाशी. पहिल्याला दुःख झालं आहे. दुसऱ्याची तक्रार आहे. माझ्या मते प्रेमाची कादंबरी समाधान देते की निराश करते, याचं सगळं उत्तर या फरकात आहे. शेवट गोड की कडू, हा प्रश्न त्यानंतरचा. डोळ्यांत पाणी असतानाही वाचक समाधानी असू शकतो. आणि लग्नाच्या सनईवर संपलेली कादंबरी हातात घेऊन तो चिडलेलाही असू शकतो. त्या मुलीला मी नंतर विचारलं, तुझ्या कादंबरीचा शेवट वाईट होता का? म्हणाली, "नाही सर, लग्न होते ना दोघायचं!"

आता बघा. आपल्याला वाटतं, पुढे काय होईल या उत्सुकतेनं माणूस वाचतो. पण अमरावतीच्या माणसाला मी एक गोष्ट विचारतो. अंबादेवीच्या देवळातून रुक्मिणीला कृष्णानं नेलं, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. बाहेरगावाहून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, परंपरा अशी की रुक्मिणी कौंडिण्यपूरची, ते आमच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं होतं आणि ती देवीच्या दर्शनाला आली तेव्हा कृष्ण तिला रथातून घेऊन गेला. शेवट सगळ्यांना ठाऊक. तरी तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभावांच्या नरेंद्र कवीला हे पुन्हा सांगावंसं वाटलं, महदंबेनं त्यावर धवळे गायले, एकनाथांनी 1571 मध्ये पुन्हा सबंध 'रुक्मिणी स्वयंवर' लिहिलं. लोकांनी ते पारायणं करून वाचलं. मुलीचं लग्न जमावं म्हणून वाचलं, हा भाग वेगळा. पण मुद्दा असा की शेवट माहीत असूनही ओढ टिकली. म्हणजे ओढ 'काय होईल' याची नव्हती, 'कसं होईल' याची होती. ही भित्री, घरात कोंडलेली राजकन्या आपलं मन त्या माणसापर्यंत पोचवणार कसं?

माझी आई चौथी शिकलेली होती. ती कादंबरी आणली की शेवटची चार पानं आधी वाचायची. मी तिच्यावर हसायचो. म्हणायचो, मग वाचतेस कशाला? ती म्हणायची, "पोहोचले का नाही ते पाह्यलं. आता कसे पोहोचले ते पाहतो." वऱ्हाडात बाया स्वतःला 'पाहतो, जातो' म्हणतात, ते प्रमाण मराठीवाल्यांनी समजून घ्यावं. पुष्कळ वर्षांनी मी जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेचं पुस्तक वाचलं, 1984 सालचं. तिनं अमेरिकेतल्या एका गावातल्या, रोमान्स कादंबऱ्या सतत वाचणाऱ्या बायकांना नीट प्रश्न विचारले. मला वाचून गंमत वाटली की त्यांच्यातही शेवट आधी पाहणाऱ्या होत्या. त्यांना गोड शेवट हवाच होता, त्यावर तडजोड नाही. पण तेवढ्यावर त्या खूश नव्हत्या. प्रेम हळूहळू वाढलेलं दिसलं पाहिजे, आणि नायक क्रूर असता कामा नये, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं. माझ्या आईनं हे न लिहिता सांगितलं होतं.

तर 'कसे पोहोचले' हा प्रश्न. इथे आपल्याला ना. सी. फडक्यांकडे जावं लागेल. मराठीत प्रेमाची कादंबरी घराघरात नेली ती त्यांनी. मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. 1931 मध्ये त्यांचं 'प्रतिभासाधन' आलं. त्यात कादंबरीच्या तंत्राची त्यांनी मोकळेपणानं चर्चा केली. गोष्ट सुरू कशी करावी, गुंता कसा वाढवावा, उत्कंठा कशी ताणावी, उकल कुठे करावी. त्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. 'कलेसाठी कला' म्हणणारे फडके आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारे खांडेकर हा वाद आमच्या पिढीनं परीक्षेत इतक्यांदा लिहिला आहे की आता त्याचं नाव काढलं तरी जांभई येते. मी त्या वादात पडत नाही. फडक्यांची भाषा साफ होती, आणि तरुण मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलू शकतात, भांडू शकतात, हे त्यांनी लोकांच्या सवयीचं केलं. ते काम लहान नाही.

पण तंत्र हाताशी आलं की एक मोह होतो. दोघांना दोनशे पानं दूर ठेवायचं आहे. मग काय करायचं? पत्र चुकीच्या हाती पडतं. नायिका दारातून अर्धंच वाक्य ऐकते. तिसरं कोणी तरी खोटं सांगतं. मी हे एकट्या फडक्यांबद्दल म्हणत नाही. त्यांच्यामागून जे शेकड्यानं आले त्यांच्याबद्दल जास्त म्हणतो, आणि आता मोबाईलवर भागाभागांनी येणाऱ्या कथांबद्दल तर फारच. नव्वदाव्या भागात गैरसमज मिटतो, एक्याण्णवाव्यात दुसरा तयार होतो. वाचक मनात म्हणतो, अरे, एक वाक्य बोला की! समोरासमोर बसा, चहा घ्या, विचारा! जो अडथळा दोन मिनिटांच्या बोलण्यानं जाईल, तो अडथळाच नव्हे. तो लेखकानं रस्त्यात टाकलेला दगड आहे.

ॲरिस्टॉटलनं हे सांगून ठेवलं आहे. कथेची उकल कथेतूनच झाली पाहिजे, यंत्रानं देव खाली उतरवून करू नये, असं त्याचं म्हणणं. ग्रीक रंगभूमीवर खरोखरच यंत्रानं देव उतरवत. आपल्याकडे अपघात उतरवतात, कर्करोग उतरवतात, परदेशातली नोकरी उतरवतात. माझा मुद्दा एवढाच की ॲरिस्टॉटलनं उकलीबद्दल जे म्हटलं ते गुंत्यालाही लागू आहे. गाठही त्या दोघांच्या स्वभावातून पडली पाहिजे. तिला मानी असू द्या, त्याला भित्रा असू द्या. मग ती गाठ खरी, कारण ती सोडवायची तर कोणाला तरी बदलावं लागतं. जेन ऑस्टेनच्या 1813 मधल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ला दोनशे वर्षं उलटून गेली तरी पोरी ती वाचतात, ती याच कारणानं. अडथळ्याचं नावच पुस्तकाचं नाव आहे, आणि तो दोघांच्या आत आहे. तिथेही गैरसमज आहे, खोटं सांगणारा माणूसही आहे. पण ते खोटं तिला खरं वाटतं, कारण तिला ते खरं वाटून घ्यायचं असतं.

आता मी तुम्हाला आपल्या गावच्या माणसाकडे नेतो. विश्राम बेडेकर. जन्म अमरावतीचा, 1906 चा. सिनेमा केला, नाटकं लिहिली, आणि कादंबरी एकच लिहिली, 'रणांगण'. साल 1939. ज्यांनी वाचली नसेल त्यांना मी शेवट सांगणार आहे. माझ्या आईच्या पद्धतीनं घ्या.

युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट. चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण घरी परततो आहे. एका मुलीकडून दुखावलेला, आणि त्यामुळे सबंध स्त्रीजातीबद्दल कडवट झालेला. त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून घालवून दिलेले ज्यू लोक आहेत. ते शांघायकडे चाललेत, कारण दुसरं कोणी दार उघडत नाही. त्यांच्यात हॅर्टा आहे. मोजक्या दिवसांचा प्रवास. दोघं जवळ येतात. मुंबई येते, तो उतरतो. ती उतरू शकत नाही. बोट पुढे जाते आणि वाटेत हॅर्टा समुद्रात उडी घेते.

एवढीच गोष्ट. रॅडवेच्या वाचक बायकांच्या कसोटीवर ही नापास. मग ती वाचून आपल्याला फसवल्यासारखं का वाटत नाही? कोणी म्हणेल, दुःखद म्हणून थोर. नाही. दुःखद आणि टाकाऊ अशा कादंबऱ्या मी तुम्हाला पोत्यानं दाखवतो. 'रणांगण'मध्ये समाधान आहे त्याची कारणं दुसरी आहेत. एक तर बेडेकरांनी सुरुवातीपासून आपल्याला खोटी आशा लावली नाही. प्रत्येक कादंबरी पहिल्या काही पानांत वाचकाशी एक करार करते. हलक्या हातानं सुरुवात केली तर शेवटी नायिकेला मारायचा तुम्हाला अधिकार नाही. रॅडवेच्या बायका हट्टी नव्हत्या, त्या करार पाळायला सांगत होत्या. बेडेकरांच्या बोटीवर पहिल्यापासून भीती आहे, बेघरपणा आहे, महायुद्धाची सावली आहे. करार तसा झाला आणि तसाच पाळला गेला.

आणि दुसरं कारण, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वरवर पाहता इथे अडथळा बाहेरचा आहे. हिटलर आहे, कायदा आहे, पारपत्र आहे. याहून बाहेरचं काय असणार? पण वाचत गेलात की कळतं, निम्मा अडथळा चक्रधराच्या आत आहे. त्याचा तो कडवटपणा, कुणाचंही होऊन न जाण्याची हुशारी. तिनं तर स्वतःला पूर्ण देऊन टाकलं आहे. जगानं दार बंद केलं हे खरं, पण त्या दारावर त्यानं किती जोरानं धडक मारली? हा प्रश्न लेखक मोठ्यानं विचारत नाही. तो आपल्या मनात येतो आणि राहतो. मी तरुणपणी ही कादंबरी वाचली तेव्हा हिटलरवर चिडलो होतो. पन्नाशीत वाचली तेव्हा चक्रधरवर. बेडेकरांवर चिडावंसं कधीच वाटलं नाही.

इथे थोडं शास्त्रात शिरतो, कंटाळू नका. आपल्या रसशास्त्रात शृंगाराचा स्थायीभाव रती. ही रती दोघांत असावी लागते. एकाच्याच मनात असेल तर तो शृंगार नव्हे, शृंगाराभास. दिसायला शृंगार, पण नाही. अभिनवगुप्त उदाहरण देतो ते रावणाचं. सीतेसाठी रावण व्याकूळ आहे. त्याचे उद्गार सुटे काढून वाचले तर कोणालाही विरही प्रियकर वाटेल. पण समोर सीता आहे, तिचा नकार आहे, हे लक्षात आलं की तो शृंगार राहत नाही, हास्याकडे घसरतो. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये बसून या माणसानं हे लिहिलं आहे.

आता रुक्मिणीकडे परत चला. 'सीताहरण' आणि 'रुक्मिणीहरण'. शब्द तोच, हरण. रथ आहे, बाईला उचलून नेणं आहे. मग एक प्रसंग आपण राक्षसाचा मानतो आणि दुसऱ्याची लग्नासाठी पारायणं करतो, हे कसं? मधे एक निरोप आहे म्हणून. रुक्मिणीनं ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला कळवलं आहे की मला घेऊन जा, केव्हा आणि कुठून तेही तिनंच ठरवलं आहे. तो निरोप काढून टाका, बाकी सगळं तसंच ठेवा. उरते ती पळवापळवी.

हे मी का सांगतो आहे? आपल्या वर्तमानपत्रांनी एक शब्दप्रयोग रूढ केला आहे, 'एकतर्फी प्रेमातून'. एकतर्फी प्रेमातून हल्ला, एकतर्फी प्रेमातून खून. आपल्याच जिल्ह्याच्या पानावर तुम्ही हे मथळे वाचले आहेत, माझ्यासारखेच. मारणाऱ्याला आपण छापून 'प्रेमी' म्हणतो. आणि कितीतरी लोकप्रिय कादंबऱ्यांत, सिनेमात तर विचारूच नका, नायक हेच करतो: मागे लागतो, रस्ता अडवतो, तिचा 'नाही' ऐकत नाही, आणि दीडशेव्या पानावर तिचा होकार येतो. कादंबरीनं खून होतात असं सोपं विधान मी करणार नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण अशी कादंबरी वाचून ज्या मुलीला पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं, तिची तक्रार फक्त नैतिक नसते. तिला रस मिळालेलाच नसतो. शृंगार म्हणून जे वाढलं ते शृंगार नव्हतं. तिला अभिनवगुप्त माहीत नाही, पण जिभेला चव कळते.

मग दोघांत असलेली रती कादंबरीत दिसते कशी? माझं उत्तर तुम्हाला कदाचित रुक्ष वाटेल: बोलण्यात. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मध्ये क्रमशः आली. तिला कोणी प्रेमाची कादंबरी म्हणत नाही, ती विधवेच्या हालांची कादंबरी. पण यमुना आणि रघुनाथराव मुंबईला बिऱ्हाड करतात तो भाग पुन्हा वाचा. ती वाचायला शिकते आहे, तो तिच्याशी माणसासारखा बोलतो आहे. त्या काळात नवरा-बायकोनं चारचौघांत बोलणंही अवघड. त्यांचं ते बोलणं हाच शृंगार आहे. म्हणून तो गेल्यावर तिचं जे होतं ते सहन होत नाही. तिनं काय गमावलं ते आपण ऐकलेलं असतं.

आणि खऱ्या आयुष्यातला दाखला हवा असेल तर तोही आपल्याच गावचा. कुसुमावती देशपांडे, माहेरच्या जयवंत, जन्म अमरावतीचा, 1904 चा. कवी अनिल मूर्तिजापूरचे. लग्नाआधीच्या काळात दोघांनी एकमेकांना जी पत्रं लिहिली ती 'कुसुमानिल' या नावानं कुसुमावतींच्या मृत्यूनंतर छापली गेली. 1929 मध्ये त्यांचं लग्न झालं हे आपल्याला माहीत असतं. म्हणजे शेवट फुटलेला आहे, कथानक नाही, खलनायक नाही, उत्कंठा म्हणावी तर पुढचं पत्र केव्हा येईल एवढीच. तरीही माणूस वाचत राहतो. दोन बुद्धिमान माणसं एकमेकांना ओळखत चालली आहेत, इतकंच त्यात घडतं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. याच कुसुमावतींनी पुढे मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहिला, आणि 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या स्त्री अध्यक्ष. कादंबऱ्यांची पारख करणाऱ्या बाईजवळ तुलनेला स्वतःची पत्रं होती. इतर समीक्षकांची, माझ्यासकट, ती सोय नव्हती.

जाता जाता कोर्टाची एक गोष्ट, कारण ती मला नेहमी विचारतात. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 1962 मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1969 मध्ये काकोडकर सुटले. सात वर्षं कायद्यानं विचार केला तो एका प्रश्नाचा: यानं वाचक बिघडेल का? वाचकाचं समाधान होईल का, हे विचारणं कोर्टाचं काम नाही, बरोबर आहे. पण समीक्षेचं होतं. आमच्या समीक्षेनं काकोडकरांना कधी तो प्रश्न विचारला का? लाखो लोक त्यांना वाचत होते आणि आम्ही बाजूनं निघून गेलो.

वेळ होत आला, पण एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे तो घेतो. "सर, मग वाचकानं शेवट बदलून हवा असं म्हणणं चूक का?" चूक नाही. पण आधी स्वतःला विचारा, कोणाकडे मागताय. लेखकाकडे मागत असाल तर त्याचं काही तरी चुकलंय, बहुधा गाठ त्यानं वरून मारली आहे. आणि त्या पात्राकडेच मागत असाल, तर लेखकाचं काम झालं आहे.

आमच्याकडच्या एका वाचनालयातली 'रणांगण'ची जुनी प्रत माझ्या हाती आली होती. पानं पिवळी, पुठ्ठा सुटलेला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, बहुधा एखाद्या बाईच्या, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'त्यानं तिले काऊन नाही थांबवलं?' खाली दुसऱ्या कुणी तरी, निराळ्या अक्षरात, उत्तर लिहायला सुरुवात केली होती. दोन शब्द लिहून खोडले होते.